क्रिप्टो सांभाळायचं कसं: बारा शब्दांपासून वारसांपर्यंत

फोनवरच्या अॅपमध्ये आपल्या नावापुढं बिटकॉइन दिसतं, तेव्हा ते खरोखर कुणाच्या ताब्यात असतं? वाळूजच्या कंपनीत शिफ्ट करणारे, लातूर-नांदेडला स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं, सोयाबीनच्या पट्टीतून दोन-पाच हजार बाजूला टाकणारे शेतकरी, अशा कितीतरी जणांनी गेल्या काही वर्षांत बिटकॉइनसारखं डिजिटल चलन, म्हणजे क्रिप्टो घेतलं. हा प्रश्न मात्र फार थोड्यांनी विचारला. क्रिप्टो घ्यावं की घेऊ नये, हे मी इथं सांगणार नाही. ज्यांनी घेतलंय त्यांचं चोरीला जाऊ नये आणि हरवू नये, एवढ्यासाठीच हे लिहितोय. पतसंस्था आणि मल्टिस्टेटमध्ये अडकलेल्या ठेवींसाठी चकरा मारणारी माणसं आपण जिल्ह्याजिल्ह्यात पाहिलीत. तिथं मोर्चा न्यायला निदान एक दार असतं, प्रशासक नेमला जातो. इथं तेही नाही.

नाणी असतात कुठं?

नाणी फोनमध्ये नसतात. जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच नोंदीच्या प्रती असतात, तिला ब्लॉकचेन म्हणतात. कोणत्या पत्त्यावर किती नाणी आहेत, हे त्या नोंदीत असतं. पत्त्यावरची नाणी हलवायला एक गुप्त आकडा लागतो, ती खासगी किल्ली. किल्ली ज्याच्या हातात, नाणी त्याची. आधार, सही, अंगठा कुणी विचारत नाही.

शेतजमिनीशी ताडून बघा. सातबाऱ्याचा कागद पुरात वाहून गेला तरी जमीन जात नाही, नवा उतारा काढता येतो. कुणी खोटा फेरफार ओढला तर तहसीलदाराकडं, प्रांताकडं दाद मागता येते. क्रिप्टोत तलाठी नाही आणि अपीलही नाही. एकदा व्यवहार नोंदला गेला की तो फिरवता येत नाही. खऱ्या मालकानं केला असो की चोरानं.

एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीत, खातं असतं तेव्हा ही किल्ली कंपनीकडं असते आणि आपल्याला दिसतो तो कंपनीच्या हिशेबातला आकडा. किल्ल्या जिथं ठेवतात त्याला वॉलेट म्हणतात. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाचे जवळजवळ दोन हजार कोटी रुपये चोरीला गेले. त्या वॉलेटमधून पैसे हलवायला एकापेक्षा जास्त डिजिटल सह्या लागत होत्या, तरी गेले. चोरी कंपनीची झाली, पण ज्यांचा फोन, पासवर्ड, ओटीपी सगळं जागेवर होतं अशा सामान्य खातेदारांनाही वर्ष उलटून गेलं तरी आपलं क्रिप्टो काढता येईना. वर्षभरानं, १९ जुलै २०२५ ला, कॉइनडीसीएक्स या दुसऱ्या एक्स्चेंजच्या कंपनी-खात्यातून सुमारे ४.४ कोटी डॉलर गेले. ते नुकसान आपण सोसू, ग्राहकांना धक्का लागणार नाही, असं कंपनीनं सांगितलं. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. एक्स्चेंजवरच्या नाण्यांना सरकारी विमा नाही.

मग सगळं स्वतःच्या वॉलेटमध्ये आणावं का? माझं मत असं: गेली तर चटका बसेल पण घर हलणार नाही, एवढी रक्कम एफआययूकडं, म्हणजे केंद्र सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडं, नोंदणी असलेल्या भारतीय एक्स्चेंजवर राहिली तर चालेल. मार्च २०२३ पासून ही नोंदणी बंधनकारक आहे. त्यापेक्षा मोठी रक्कम स्वतःच्या वॉलेटमध्ये हवी, पण किल्ली सांभाळण्याची व्यवस्था आधी आणि नाणी हलवणं नंतर. ही व्यवस्था न करता वॉलेट उघडणाऱ्याचा पैसा एक्स्चेंजवर असता तर जास्त सुरक्षित राहिला असता, हेही तितकंच खरं.

बारा शब्द

स्वतःचं वॉलेट उघडलं की ते सुरुवातीला बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द दाखवतं. याला सीड फ्रेज म्हणतात. हे शब्द २,०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून येतात आणि खासगी किल्ल्या याच शब्दांपासून तयार होतात. फोन विहिरीत पडला तरी दुसऱ्या फोनवर शब्द टाकून सगळं परत मिळतं. तसंच, आपला फोन आपल्या खिशात असताना दुसऱ्या कुणी हे शब्द त्याच्या फोनवर टाकले, तर त्यालाही सगळं मिळतं. त्याला आपला पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही. हे एक वाक्य नीट डोक्यात बसलं की पुढचं बहुतेक आपोआप समजतं.

बारा शब्द अंदाजानं ओळखणं अशक्य आहे. शक्य जोड्यांची संख्या ३९ अंकी आहे. त्यामुळं चोर अंदाज करत बसत नाही. शब्द कुठं लिहिलेत ते शोधतो, किंवा मालकाकडूनच काढून घेतो.

म्हणून पहिली सवय: शब्दांचा फोटो किंवा स्क्रीनशॉट कधीही काढायचा नाही. आपले फोटो आपोआप क्लाऊडवर चढतात. घरातला फोन पोरांच्या हातात असतो, पाव्हण्यांच्या हातात असतो, बसस्टँडजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात पिनसकट दिला जातो. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीनं स्पार्ककॅट नावाचा एक छुपा प्रोग्राम उघडकीला आणला. तो गूगल आणि अॅपल दोघांच्या अधिकृत स्टोअरमधल्या काही अॅपमध्ये लपला होता आणि गॅलरीतल्या फोटोंमधला मजकूर वाचून सीड फ्रेज शोधत होता. स्वतःच्याच नंबरावर व्हॉट्सॅप करून ठेवणं, ईमेलच्या ड्राफ्टमध्ये ठेवणं, 'मामाचा नंबर' अशा नावानं कॉन्टॅक्टमध्ये लपवणं, हे सगळे प्रकार त्याच रांगेतले. नेटला जोडलेल्या कुठल्याही यंत्रावर ते शब्द नकोत.

मग कागद. कागदावर रोमन अक्षरात, मोठ्या लिपीत, एक ते बारा क्रमांक घालून लिहा. देवनागरीत लिहू नका. 'राईट' असं लिहून ठेवलं तर त्या यादीत त्याच उच्चाराचे दोन वेगळे शब्द आहेत, एक 'बरोबर' या अर्थाचा आणि एक 'लिहिणे' या अर्थाचा. पाच वर्षांनी कोणता होता ते आठवणार नाही. वहीत दाबून लिहिलं की खालच्या पानावर ठसा उमटतो, तेव्हा तेही पान फाडून जाळा. लिहून झाल्यावर कागद झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट करायला नेऊ नका. आपल्याकडं महत्त्वाचा कागद म्हटला की लॅमिनेशन ठरलेलं, पण या कागदावर दुसऱ्याची नजरसुद्धा पडायला नको.

काही जण शब्दांचा क्रम उलटसुलट करून लिहितात आणि निश्चिंत होतात. बारा शब्द हाती लागले आणि फक्त क्रम माहीत नसला, तर शक्य क्रम साधारण ४७ कोटी ९० लाख. माणसाला हा आकडा अफाट वाटतो. संगणकाला तेवढे क्रम तपासणं जमण्यासारखं आहे. अर्धे शब्द घरी आणि अर्धे दुसरीकडं, हीही पद्धत मला पटत नाही. दोनपैकी एक तुकडा हरवला की सगळं गेलं, म्हणजे हरवण्याचा धोका दुप्पट.

हरवणं चोरीइतकंच खरं आहे. वेल्समधल्या न्यूपोर्ट शहरात २०१३ मध्ये एका माणसाची हार्ड डिस्क कचऱ्यात गेली. तिच्यात सुमारे आठ हजार बिटकॉइनची किल्ली होती. कचरा डेपो खणायची परवानगी मिळावी म्हणून तो न्यायालयात गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयानं त्याचा दावा फेटाळला. आपल्याकडं कागदाचे शत्रू वेगळे आहेत: वाळवी, उंदीर, पत्र्यातून गळणारं पाणी. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सीना, मांजरा, गोदावरीच्या काठच्या गावांत घरात पाणी शिरलं तेव्हा कपाटं, पेट्या, शाळेचे दाखले सगळं भिजलं. त्या पेटीत हा कागदही असता तर?

म्हणून रक्कम मोठी असेल तर शब्द धातूवर घ्या. तयार प्लेटा मिळतात, पण घरीही जमतं. फॅब्रिकेशनवाल्याकडून स्टेनलेस स्टीलची हातभर पट्टी कापून घ्या आणि हार्डवेअरच्या दुकानातून अक्षरांच्या पंचांचा सेट आणा. एक सोय अशी की त्या यादीतल्या प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं इतर सगळ्यांपेक्षा वेगळी आहेत. म्हणजे पूर्ण शब्द लागत नाही. बारा शब्दांना फार तर ४८ अक्षरं ठोकायची. पट्टी लोखंडी ठोकळ्यावर ठेवा, पंच सरळ धरा, एकाच दमात घाव घाला. दुसरा घाव घातला की अक्षर दुहेरी उमटतं. शेवटी नखानं चाचपून बघा, खाच लागली पाहिजे. भांड्याच्या दुकानात नाव घालून देतात तसं हे काम मशीनवाल्याकडून करून घ्यायचा मोह होईल. तो टाळा, कारण मग शब्द त्यालाही कळले.

अशा दोन प्रती करा आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. गावातलं घर आणि शेतातला आखाडा एकाच नदीच्या पात्राजवळ असेल तर ती दोन ठिकाणं धरू नका. एक प्रत घरी आणि दुसरी तालुक्याच्या बँकेच्या लॉकरमध्ये, हे बहुतेकांना झेपण्यासारखं आहे.

काही वॉलेटमध्ये या बारा शब्दांना स्वतःचा एक जादा परवलीचा शब्द जोडायची सोय असते. प्रत कुणाच्या हाती लागली तरी त्या जादा शब्दाशिवाय खरं वॉलेट उघडत नाही. सोय चांगली आहे, पण एक अडचण समजून घ्या. चुकीचा शब्द टाकला तर 'चूक' असा संदेश येत नाही, एक वेगळं रिकामं वॉलेट उघडतं. एखादं अक्षर विसरलं की माणूस रिकाम्या वॉलेटकडं बघत बसतो. विस्मरणाची भीती वाटत असेल त्यानं याच्या वाटेला जाऊ नये.

आणि मोठी रक्कम टाकण्याआधी एकदा तालीम करा. पाचशे रुपयांचं क्रिप्टो टाका, वॉलेट पुसून टाका, लिहिलेल्या शब्दांवरून परत उभं करा. रक्कम दिसली तर प्रत बरोबर आहे. ही तालीम फार कमी लोक करतात आणि एखादं अक्षर चुकल्याचं नेमकं गरजेच्या वेळी कळतं.

वॉलेट उघडून देणारा आपलाच माणूस

आपल्याकडं वॉलेट ज्याचं त्यानं उघडलेलं नसतं. भाचा, पुतण्या, शेजारचा कॉम्प्युटरवाला पोरगा उघडून देतो. त्या पोराच्या मनात काही नसतं, पण शब्द त्यानं पाहिलेले असतात. क्वचित त्याच्या फोनमध्ये फोटोही असतो. परभणी जिल्ह्यातल्या एका घरात मी याची फार चांगली रीत पाहिली. शब्द स्क्रीनवर यायच्या आधी भाच्यानं फोन मामांच्या हातात दिला.

"मामा, आता जे शब्द दिसतील ते तुम्ही उतरवून घ्या. मी ओसरीवर बसतो."

"आरं, तुझ्यापासून काय लपवायचंय मला?"

"लपवायचं म्हणून न्हाई मामा. उद्या काही कमी-जास्त झालं तर माझ्यावर नाव यायला नको, अन् तुमच्या मनात शंका यायला नको."

मामांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण अक्षरं ओळखू येत होती. एकेक अक्षर बघून त्यांनी बारा शब्द उतरवले. वेळ लागला, भाचा बाहेर थांबला. नात्यात हिशेब मागणं आपल्याला जड जातं, तेव्हा असं आधीच बाहेर बसणं दोघांच्याही भल्याचं.

चोर मागून घेतो

चोरीचा सगळ्यात चालणारा प्रकार साधा आहे. एक्स्चेंज किंवा वॉलेटमध्ये काही अडलं की माणूस गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधतो किंवा टेलिग्रामच्या ग्रुपवर विचारतो. पाच मिनिटांत 'सपोर्ट'चा मेसेज येतो. बोलणं अदबशीर, 'सर, सर' करत. वॉलेट सिंक झालेलं नाही, व्हेरिफाय करावं लागेल, या लिंकवर बारा शब्द टाका. किंवा स्क्रीन दाखवणारं अॅप घ्या, मी इथून करून देतो. खरी कंपनी बारा शब्द कधीच मागत नाही, कारण तिला त्यांची कधीच गरज पडत नाही. कुणीही, कुठल्याही कारणानं शब्द मागितले की तो चोर आहे, एवढं घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

दुसरा प्रकार व्हॉट्सॅपवरच्या फायलींचा. लग्नपत्रिका, पीएम किसानची यादी, गाडीचं चलन अशा नावांनी एपीके फाइल, म्हणजे फोनवर नवं अॅप चढवणारी फाइल येते, बहुतेक वेळा ओळखीच्याच नंबरावरून, कारण त्याचा फोन आधी ताब्यात गेलेला असतो. लग्नसराईत पत्रिका आली तर कोण शंका घेणार? पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. उघडण्यासाठी 'इन्स्टॉल' करा म्हणणारी पत्रिका नसते. असं अॅप आत शिरलं की ते एसएमएस वाचतं, म्हणजे ओटीपी वाचतं. ज्या फोनवर मोठं वॉलेट आहे, त्यावर प्ले स्टोअरच्या बाहेरचं काहीही चढवायचं नाही.

तिसरा जरा गुंतागुंतीचा. एखादी वेबसाइट 'फुकट टोकन', म्हणजे फुकट क्रिप्टो, मिळवा म्हणते, वॉलेट जोडायला लावते आणि 'अप्रूव्ह' दाबायला सांगते. इथं शब्द मागितलेच जात नाहीत. तुम्ही दाबलेलं अप्रूव्ह म्हणजे 'माझ्या वॉलेटमधलं हे टोकन, हवं तेवढं, हवं तेव्हा उचल' अशी परवानगी असू शकते. चोर आज उचलत नाही. रक्कम वाढल्यावर, दोन महिन्यांनी उचलतो. ज्यांना नवनव्या साइट चाचपायच्या असतात त्यांनी त्यासाठी वेगळं वॉलेट ठेवावं, वेगळ्या शब्दांचं, मोजक्या पैशांचं. साठवणीचं वॉलेट कुठल्याही साइटला जोडूच नये.

आणि महिन्याला ठरावीक टक्के देणाऱ्यांबद्दल. गेनबिटकॉइननं अठरा महिने दरमहा दहा टक्के परताव्याचं आमिष दाखवलं होतं, त्यात महाराष्ट्रातले असंख्य लोक बुडाले. बिटकॉइन स्वतः व्याज देत नाही. दरमहा ठरलेली रक्कम देणारा ती कुठून आणणार, एवढा एकच प्रश्न त्या मीटिंगमध्ये उभं राहून विचारा.

सिम आणि ईमेल

एक्स्चेंजच्या खात्याचं खरं दार ईमेल आहे, कारण 'पासवर्ड विसरलो' दाबलं की नवा पासवर्ड ठरवायची लिंक ईमेलवर येते. म्हणून एक्स्चेंजसाठी वेगळा ईमेल करा, जो आपण कुठल्या फॉर्मवर लिहीत नाही आणि कुणाला देत नाही. त्याचा पासवर्ड दुसरीकडं कुठंही वापरलेला नसावा.

ओटीपी एसएमएसवर घेण्यापेक्षा ऑथेंटिकेटर अॅपवर घ्या, त्यातला कोड दर तीस सेकंदांनी बदलतो आणि सिमशी त्याचा संबंध नसतो. कारण असं: आधारची झेरॉक्स आपण किती ठिकाणी देतो, याचा हिशेब कुणाकडंच नाही. तिच्या आधारानं कुणी आपल्या नंबराचं दुसरं सिम काढलं की आपलं सिम बंद पडतं आणि सगळे ओटीपी त्याच्याकडं जातात. शहरात सिग्नल गेला की माणूस लगेच सावध होतो. आपल्या खेड्यात नेटवर्क जाणं रोजचं, त्यामुळं शंका येत नाही आणि तेवढ्यात काम होऊन जातं. म्हणून सिग्नल गेला की घरात त्याच कंपनीचं सिम असलेला दुसरा फोन बघा. त्याला दांड्या दिसतात आणि आपल्याला नाहीत, फोन बंद-चालू करूनही येत नाहीत, तर त्याच घडीला दुसऱ्या फोनवरून कंपनीला कळवा आणि एक्स्चेंजचं खातं गोठवायला सांगा. संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते बघता येतं. घरातल्या सगळ्यांचं एकदा बघून टाका.

पाठवताना

इथं घाई महागात पडते. बिटकॉइनसारखंच इथेरियम हे दुसरं नेटवर्क आहे, त्याचा पत्ता म्हणजे शून्य-एक्सपुढं चाळीस अक्षर-आकडे. माणूस पहिली चार आणि शेवटची चार बघतो. चोरांना हे माहीत असतं. ते संगणकावर असा पत्ता तयार करतात ज्याची सुरुवात आणि शेवट तुमच्या नेहमीच्या पत्त्यासारखा असतो, आणि त्यावरून तुमच्या वॉलेटला नगण्य रक्कम पाठवतात, म्हणजे तो पत्ता तुमच्या जुन्या व्यवहारांच्या यादीत येऊन बसतो. पुढच्या वेळी तुम्ही यादीतून कॉपी करता आणि पैसे चोराकडं जातात. मे २०२४ मध्ये असाच एकाच व्यवहारात सुमारे ६.८ कोटी डॉलरचा फटका बसला होता. त्यातली बहुतेक रक्कम पुढं परत आली, पण असं नशीब सगळ्यांचं नसतं. तेव्हा यादीतून कॉपी करू नका, मधली अक्षरंही जुळवा, आधी छोटी रक्कम पाठवा आणि समोरच्यानं फोनवर 'आली' म्हटल्यावर बाकीची. यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो, असेल तर नेटवर्क कोणतं हेही विचारून घ्या. ट्रॉन नावाचं नेटवर्क आणि इथेरियम वेगळी असतात.

रक्कम लाखांत गेली की हार्डवेअर वॉलेट घ्यावं. काही हजारांचं हे छोटं यंत्र किल्ली स्वतःच्या आत ठेवतं आणि नेटवर जाऊ देत नाही. थेट बनवणाऱ्या कंपनीकडून घ्या. जुनं घेऊ नका. खोक्यात आधीच छापलेले बारा शब्द असतील तर ते यंत्र वापरू नका, ते शब्द विकणाऱ्याकडंही आहेत. आणि यंत्राच्या स्वतःच्या पडद्यावर पत्ता व रक्कम वाचल्याशिवाय बटण दाबू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजचे सुमारे दीडशे कोटी डॉलर गेले. सह्या करणाऱ्यांना संगणकावर नेहमीचा व्यवहार दिसत होता आणि सही भलत्याच गोष्टीवर होत होती.

एक्स्चेंज टाळून अनोळखी माणसाला थेट यूएसडीटी विकायचा मोह, एक टक्का टीडीएस वाचावा म्हणून, खूप जणांना होतो. तो समोरचा तुमच्या खात्यात जो पैसा टाकतो तो कुणाच्या तरी फसवणुकीचा असू शकतो. मग दुसऱ्या राज्याच्या पोलिसांकडून बँकेला पत्र येतं आणि तुमचं खातं गोठतं, ज्यात पीक विम्याचे आणि पोरांच्या फीचे पैसे असतात. नफ्यावर तीस टक्के कर एप्रिल २०२२ पासून आहेच. व्यवहारांची नोंद ठेवा आणि सरळ मार्गानं विका.

कुणाला सांगायचं

कुणाकडं किती एकर, कुणाचा ऊस किती टनाला गेला, हे गावाला माहीत असतं. क्रिप्टोचा आकडा मात्र पारावर, लग्नात, व्हॉट्सॅप स्टेटसवर जाऊ नये. २०१८ मध्ये गुजरातेत एका व्यापाऱ्याचं अपहरण करून त्याच्याकडून बिटकॉइनची खंडणी उकळली गेली. २०२५ मध्ये अहमदाबादच्या न्यायालयानं त्यात चौदा जणांना जन्मठेप दिली, त्यात पोलिस होते आणि एक माजी आमदारही होता. तंत्रज्ञान कितीही पक्कं असलं तरी धमकीपुढं माणूस उघडा असतो. तशी वेळ आलीच तर देऊन टाका, जिवापुढं नाणी काहीच नाहीत. पण ती वेळ येऊ नये म्हणून आकडा तोंडातून जाऊ देऊ नका.

चोरी झालीच तर

पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, मग सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार आणि जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडं अर्ज. व्यवहाराचा हॅश (म्हणजे त्याचा ओळख क्रमांक), चोराचा पत्ता, वेळ, चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. काहीही डिलीट करू नका. नाणी एखाद्या एक्स्चेंजवर पोचल्याचं दिसलं तर त्या एक्स्चेंजलाही लगेच कळवा, तिथं ती गोठवली जाऊ शकतात. वॉलेटमध्ये काही उरलं असेल तर ते नव्या शब्दांच्या नव्या वॉलेटमध्ये हलवा, कारण जुने शब्द आता जन्मभर फुटलेले. आणि काही दिवसांत कुणीतरी मेसेज करील की आम्ही तुमचं क्रिप्टो परत मिळवून देतो, आधी फी भरा. एकदा फसलेल्या माणसाला परत लुटणारी ही टोळी असते. लाजेनं गप्प बसू नका, घरच्यांना सांगा. एकट्यानं सोसणारा माणूस या दुसऱ्या सापळ्यात लवकर अडकतो.

आपल्या माघारी

याचा विचार मला सगळ्यात गरजेचा वाटतो आणि सगळ्यात कमी केला जातो. बँकेत वारस दाखला नेला की पैसे मिळतात. स्वतःच्या वॉलेटला वारस दाखला दाखवायला खिडकीच नाही. घरचा माणूस अचानक गेला आणि शब्द कुठं आहेत हे कुणालाच माहीत नसलं, तर बायको-पोरांना ती रक्कम ब्लॉकचेनवर दिसत राहील, हाती येणार नाही.

म्हणून एक पत्र लिहा, मराठीत, घरच्यांना समजेल असं. त्यात बारा शब्द लिहायचे नाहीत. क्रिप्टो आहे, कोणत्या वॉलेटमध्ये किंवा एक्स्चेंजवर आहे, शब्दांची पट्टी कुठं ठेवली आहे, यंत्राचा पिन कुठं आहे, जादा परवलीचा शब्द लावलाय का, एवढं लिहा. मदतीसाठी विश्वासातल्या दोन माणसांची नावं द्या आणि दोघांनी मिळूनच बसायचं, घरच्यांच्या समोर बसायचं, हेही लिहा. 'शब्द कुणाच्या मोबाईलवर टाकू नका, फोनवर कुणाला वाचून दाखवू नका' हे ठळक करा, कारण दुःखात असलेल्या घरात मदतीला येणारे खूप असतात. पत्र बँकेच्या पासबुकांजवळ ठेवा आणि ते तिथं आहे हे बायकोला किंवा नवऱ्याला आजच सांगा. वॉलेट बदललं, लॉकर बदललं, की नवं पत्र लिहा, तारीख घाला आणि जुनं जाळून टाका.